छप्पर नसलेली गाडी

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. चौथीनंतर शाळा सुटली आणि हातात सुई आली, ती अजून आहे. त्यामुळे अक्षरही माझ्या टाक्यांसारखंच, कुठे आखूड, कुठे लांब पडतं. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. अण्णाविषयी चार माणसांत बोलायला मला जमणार नाही. दशक्रियेला लोक बोलत होते, चांगलं आणि वाईटही, आणि मी त्याची सख्खी बहीण खाली मान घालून दर्भाकडे बघत राहिले. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते आता लिहिते आहे.

त्या सकाळी मी शेडच्या कोपऱ्यात रिक्षाच्या सीटचं रेक्झिन बेतत होते. फोनवर अण्णाचं नाव आलं. तो अर्ध्या तासापूर्वीच घरातून निघाला होता, म्हणून मी म्हटलं, "काय विसरलास?" पलीकडून भलताच आवाज आला. "ताई, मी निमाणी स्टँडवरून कंडक्टर बोलतोय. या फोनवर शेवटचा नंबर तुमचा दिसला. हे बाबा बसमध्ये चढता चढता खाली बसले... दवाखान्यात नेलंय. तुम्ही या." मी आणि वहिनी रिक्षाने गेलो. तोपर्यंत सगळं संपलं होतं. आम्हाला त्याचा चष्मा दिला, रुमाल दिला, चप्पल एकच मिळाली. बनियनच्या आतल्या खिशात रबर लावलेल्या नोटा होत्या, त्याही तशाच मिळाल्या. त्या नोटा घेऊनच तो सायखेड्याच्या बाजूला निघाला होता, आबांना द्यायला. आबा कोण आणि अण्णा त्यांचं काय लागत होता, हे सांगायचं तर त्या गाडीपासून सांगावं लागेल, आणि त्याआधी थोडं अण्णापासून.

आम्ही मूळचे कळवणकडचे. अण्णा मिसरूड फुटायच्या आत नाशिकला आला आणि द्वारकेजवळच्या एका गॅरेजात डेंटिंग शिकला, म्हणजे ठोकलेल्या गाडीचा पत्रा सरळ करायचं काम. पुढे पाथर्डी फाट्याच्या आत त्याने स्वतःची पत्र्याची शेड टाकली. माझे मालक लवकर गेले. सासरी ठेवून घेणारं कुणी नव्हतं. अण्णा मला घेऊन आला आणि शेडच्या एका कोपऱ्यात शिलाई मशीन ठेवून म्हणाला, "बाहेरचं अंग मी बघतो, आतली गादी तू बघ." एवढंच. उपकाराची भाषा त्याला येत नव्हती. मला तरी कुठे येते... मी त्याचे आभार कधी मानले नाहीत. हातोड्याच्या आवाजाने त्याचा डावा कान गेला होता, आणि वहिनी रागावली की तो बरोबर डावी बाजू तिच्याकडे करून बसायचा. "बहिऱ्याचं सोंग करू नका," वहिनी म्हणायची. "सोंग नाय, खरंच हाय, डॉक्टरला इचार," तो म्हणायचा. म्हणजे ऐकू आलेलं असायचं. दिसेल त्या पत्र्यावरून तळहात फिरवायची त्याला सवय होती. लग्नात आहेराचं कपाट ठेवलेलं दिसलं की हात फिरवून हळूच सांगायचा, "याला टेम्पोत मार बसलाय." वहिनी त्याला कोपराने ढोसायची.

ठोकलेली गाडी आली की तो लगेच हातोडी उचलत नसे. पत्र्याच्या डब्यावर बसून चहा प्यायचा आणि नुसता बघत राहायचा. गाडी करण्यासारखी आहे की भंगारात देण्यासारखी, हे ठरवणं हेच त्याच्या मते अर्धं काम होतं. म्हणायचा, "इन्शुरन्सवाला आला की गाडी मेलेली असती, गिऱ्हाईक आलं की जिती असती. आपण मधल्यामधी खरं सांगायचं." आणि तो सांगायचा. कितीतरी लोकांना त्याने हाताशी आलेलं काम सोडून परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. वहिनीला ते आवडत नसे.

आबांची गाडी आली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, द्राक्षांवर टाकतात त्या ताडपत्रीत गुंडाळून. आबा सायखेड्याकडचे मोठे बागायतदार. त्यांच्या वडिलांनी फार पूर्वी देवळालीच्या एका लष्करी साहेबाकडून ती विलायती गाडी घेतली होती. दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली, लांब नाकाची, लाल. वर छप्पर नाही, पावसात ओढून घ्यायचा कापडी टप तेवढा. पळायला म्हणून बनवलेली गाडी ती, शर्यतीच्या घोड्यासारखी. आबांचा एकुलता एक मुलगा विक्रम तीच वापरायचा. एका संध्याकाळी रस्त्यात बंद पडलेल्या उसाच्या ट्रॉलीवर ती मागून गेली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. विक्रम दवाखान्यापर्यंतही पोहोचला नाही. गाडी कितीतरी दिवस पोलीस ठाण्याच्या आवारात पडून राहिली, आणि सोडवून आणल्यावर आबांनी ठरवलं की ती पुन्हा होती तशी करायची. पुण्याच्या माणसाने नको म्हटलं, मुंबईच्या माणसाने असा आकडा सांगितला की तेही नको म्हटल्यासारखंच होतं. मग कुणीतरी अण्णाचं नाव सांगितलं.

ताडपत्री काढली तेव्हा मी मशीनवरून उठून मागे गेले. पुढचा डावा भाग आत गेला होता, काच नव्हती, आणि डाव्या सीटवर उसाचं वाळलेलं पाचट अजून अडकलेलं होतं. कुणी काढलं नव्हतं. अण्णाने चहा घेतला आणि बसला. नंतर गाडीच्या चार कोपऱ्यांतून ओळंबे सोडले, ते जमिनीला टेकतील तिथे खुणा केल्या, आणि गाडी बाजूला ढकलून त्या खुणांवर सुतळी ताणून तिरक्या दोन्ही बाजूंनी मोजलं. सांगाडा सरळ असेल तर दोन्ही मापं सारखी येतात. एक बाजू चार बोटं लांब आली. "साहेब," अण्णा म्हणाला, "परवडत नाय. हिच्यात जेवढं घालाल तेवढ्यात तीन नव्या येतील. आणि दाराखालचे पाटे गंजलेत, ते येगळंच. भंगारात द्या, न्हायतर झाकून ठेवा." आबा म्हणाले, "परवडतं का, ते मी विचारलंच नाही, मिस्त्री. होतं का ते विचारलं." अण्णा पुन्हा बसला. चहा संपला होता, तरी रिकामा कप हातात धरून बसला. मग म्हणाला, "होतं." इतकी वर्षं लोकांना परत पाठवणारा माणूस तो, पण 'परवडतं का' आणि 'होतं का' हे दोन वेगळे प्रश्न त्याच्यापुढे कुणी असे मांडले नव्हते. आणि त्याला त्या गाडीचा मोहही झाला होता, हे मी बघत होते. जाता-येता तिच्या न चेपलेल्या अंगावरून हात फिरवायचा. "असा पत्रा आता कुणी वळवत नाय, शके," मला म्हणायचा.

आबांनी मोठी उचल दिली. तिच्यातून शेडची जमीन सिमेंटची झाली, कारण ओबडधोबड जमिनीवर सांगाड्याचं माप धरता येत नाही, आणि वेल्डिंगचं नवं मशीन आलं. नव्या सिमेंटवर अण्णाने पुन्हा ओळंबे सोडून खडूने चार खुणा केल्या. म्हणजे पैसे आमच्याकडे उरले नाहीत, जमिनीत आणि लोखंडात गेले.

काम सुरू झालं आणि एका दुपारी माई आल्या. माई म्हणजे आबांच्या बायको. ड्रायव्हरला फाट्यावर थांबवून एकट्या चालत आल्या. मी तेव्हा सीटची जुनी शिवण उसवत होते. त्या माझ्याजवळ उभ्या राहिल्या. "ताई, हे तुम्ही शिवणार?" मी मान हलवली. "कुणाला बसायला?" मी उसवणं थांबवलं. त्या माझ्या समोरच्या सीटच्या सांगाड्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. अण्णा हात पुसत आला. माई त्याला म्हणाल्या, "मिस्त्री, ही गाडी होऊ देऊ नका. ती झाली की हे स्वतः चालवणार आहेत, त्याच रस्त्याने. मला तसं बोलून दाखवलंय त्यांनी. त्यांना एका डोळ्याने नीट दिसत नाही, आणि दिसलं तरी ते थांबतील असं मला वाटत नाही." अण्णाने खाली बघितलं. "माई, शब्द दिलाय." "किती घेतलेत? मी दुप्पट देते." "नको माई. तसं नका करू. आबांशीच बोला." "ते बोलत नाहीत माझ्याशी," माई म्हणाल्या, आणि आल्या तशा निघून गेल्या. काही दिलं नाही, काही घेतलं नाही. मी तिथे होते, मी सांगते आहे.

 त्यानंतर जेवताना एकदा अण्णा म्हणाला, "गाडी करायची का नाय, हे मालकानं ठरवायचं का गाडीत बसणाऱ्यानं?" वहिनी म्हणाली, "ज्यानं पैसे दिले त्यानं." तो हसला नाही.

आणि मग ती चूक झाली. दाराखालचे दोन्ही पाटे, म्हणजे पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारे लोखंडी पट्टे, गंजून जाळी झाले होते, ते कापून नवे घालायचे होते. अण्णाने आयुष्यात असे कितीतरी पाटे कापले होते. पण त्या सगळ्या छप्पर असलेल्या गाड्या. गाडीला छप्पर असलं की वरून छप्पर आणि खालून पाटा, दोघं मिळून तिची कंबर धरतात, एक कापला तर दुसरा तोलून धरतो. या गाडीला वरून धरायला काही नव्हतंच. तिची सगळी कंबर त्या दोन गंजलेल्या पाट्यांवर होती. कापायच्या आधी दाराच्या जागेत आडवा लोखंडी पाइप वेल्ड करून तिला धरायला पाहिजे होतं. अण्णाच्या हाताला ते माहीत नव्हतं. त्याने गाडी पुढून-मागून लोखंडी घोड्यांवर चढवली आणि दोन्ही बाजूंचे पाटे एकाच दिवशी कापले. दुसऱ्या सकाळी शेड उघडली तर गाडी मधोमध खाली बसली होती, बाज मोडल्यासारखी. जे उजवं दार अपघातानंतरही नीट लागत होतं, तेही आता लागेना. मधे जॅक लावून वर उचलायला गेलं, की अपघातात जिथे पत्रा चुरगळला होता तिथे तो फाटायला लागला. चार दिवस अण्णा तिच्या खाली झोपून होता. पाचव्या दिवशी बाहेर आला, ओळंबे सोडले, मापं घेतली आणि सुतळी गुंडाळून ठेवली. "शके, ट्रॉलीनं अर्धी मारली होती. अर्धी मी मारली."

शेजारचा पेंटर बघून गेला. तो म्हणाला, "मिस्त्री, कशाला जिवाला लावून घेता? आतून पट्ट्या मारा, दारं घासून बसवा, वर पुट्टी, वर रंग. म्हातारा खूश, आपण खूश. कोण खाली वाकून बघतंय?" अण्णा म्हणाला, "दार बसंल. पण येगात खड्ड्यात गेली का मधून उघडंल. त्यात कुणीतरी बसणार हाय ना." पेंटर म्हणाला, "म्हातारं माणूस किती येगात चालवणार?" अण्णाने डावा कान त्याच्याकडे केला.

आबांना बोलावून घेतलं. अण्णाने झाकून काही ठेवलं नाही, कापलेले पाटे, फाटलेला पत्रा, सगळं दाखवलं आणि म्हणाला, "आता होत नाय, साहेब. चूक माझी हाय." आबा गाडीकडे फार वेळ बघत नव्हते, अण्णाकडे बघत होते. "माईंनी किती दिले?" त्यांनी विचारलं. ड्रायव्हरने सांगितलं असणार. अण्णाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचं तोंड उतरलं. "काय नाय दिलं." आबा म्हणाले, "सगळं आयुष्य पत्रा कापणारा माणूस अशी चूक करतो?" "करतो, साहेब. छप्पर नसलेली गाडी म्या कधी केली नव्हती." "हे पैसे घेताना सांगायचं होतंस." ते खरंच होतं. अण्णा म्हणाला, "तुमची उचल मी परत करतो. सगळी." आबा ट्रॅक्टरवाल्याला हात करून निघाले आणि जाता जाता म्हणाले, "माझे मला दे. माईंचे माईंना दे."

गाडी पुन्हा ताडपत्रीत गुंडाळून गेली. मागे बोलणं राहिलं. मिस्त्रीने दोन्हीकडून खाल्लं, असं फाट्यावरच्या चहाच्या टपरीपासून निफाडपर्यंत झालं. बागायतदारांच्या गाड्या यायच्या बंद झाल्या. मीही एकदा त्याला विचारलं, कारण रात्रंदिवस तेच कानावर यायचं, "अण्णा, चूकच झाली ना रे?" तो रागावला नाही. म्हणाला, "मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं गं. निदान माईचं भलं केलं म्हणता आलं असतं. हे नुसतंच चुकलं."

तेव्हापासून दर महिन्याला तो एसटीने जायचा. फोनवरून पैसे पाठवता येतात हे त्याला माहीत होतं, आबांच्या माणसांनीही तसं सुचवलं होतं. पण त्याला ते आबांच्या हातातच द्यायचे होते. "ठेवून जा" म्हटलं तरी ठेवायचा नाही. ओट्याच्या पायरीवर बसून राहायचा. आबा बाहेर यायचे, कधी लगेच, कधी दुपार ढळल्यावर, न बोलता नोटा घ्यायचे आणि आत जायचे. माई पाणी पाठवायच्या. त्या घरचं पाणी तो प्यायचा नाही, कुणी काही म्हणायला नको म्हणून. उन्हाळ्यात तसाच परत यायचा आणि आल्या आल्या माठापाशी उभ्यानेच तांब्यावर तांब्या प्यायचा. त्याच्या छातीत दुखायचं हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक असेल तर त्याने सांगितलं नाही.

तेरावं झाल्यावर बनियनच्या खिशातले ते पैसे मी आणि वहिनीने आबांना नेऊन दिले. त्यानंतर आठवड्याभरात त्यांच्याकडून निरोप आला की राहिलेले राहू द्या, आता माणूसच नाही. वहिनी रडली, आणि खरं सांगायचं तर तिला हलकंही वाटलं. घरात कमवणारं आता मीच, माझ्या शिलाईवर किती होणार. "देव पावला म्हणा, शकूताई," ती म्हणाली. "ते सोडतायत तर सोडू द्या. त्यात आपल्याला काय कमीपणा?" ती चुकीचं बोलत नव्हती. पण मी जेवू शकले नाही. आबांनी सोडले तर अण्णा काय ठरला? पैसे खाल्लेला, आणि वरून माफ केलेला. लबाडीचे पैसे कुणी दर महिन्याला उन्हातून जाऊन परत करत नाही, एवढंच एक अण्णाच्या बाजूने बोलत होतं, आणि तेच अर्धवट राहणार होतं. हे मी वहिनीला नीट सांगू शकले नाही. एवढंच म्हणाले, "वेल्डिंगचं मशीन विकू या."

मशीन विकलं. हातोड्या, जॅक, लोखंडी घोड्या, सगळं पेंटरने घेतलं, आणि भाव पाडला नाही हे त्याचंही सांगायला हवं. शेडची पुढची बाजू एका रिक्षावाल्याला भाड्याने दिली, त्याने वर्षाचं भाडं आधीच दिलं. मी कोपऱ्यातच असते. सिमेंटवरच्या खडूच्या खुणा अण्णाने कधी पुसू दिल्या नव्हत्या, वरून ऑइलपेंटने पक्क्या केल्या होत्या, पुन्हा अशी गाडी आली तर विसरायला नको म्हणून. रिक्षा आता त्यांच्या मधोमध उभी असते. ग्राहक येतात, ही रांगोळी कसली विचारतात. मी सांगत नाही. संध्याकाळी झाडून काढताना त्या चार खुणांपाशी माझा हात आपोआप हळू होतो, तो अजून सुतळी ताणून वाकलेला असल्यासारखा... आणि मग दिवा लावते.

गेल्या सोमवारी मी एकटीच गेले. वहिनी येणार होती, तिला ताप होता. निमाणी स्टँडवर बस लागली तेव्हा अण्णा कुठे खाली बसला असेल ते बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. आबांच्या ओट्यावर पोहोचले, तर ते बाहेरच खुर्चीत होते. पलीकडे शेडमध्ये ताडपत्रीखाली ती गाडी दिसत होती, मधे खोलगट. मी नोटा पुढे केल्या. ते म्हणाले, "मी नको म्हणून कळवलं होतं." माझ्या तोंडातून शब्द फुटेल असं मला वाटलं नव्हतं. "तुम्ही सोडले असं नको, आबा. त्याने दिले असं पाहिजे." आवाज इतका बारीक निघाला की त्यांना ऐकू गेलं की नाही कळेना, आणि पुन्हा म्हणायची हिंमत नव्हती.  मग त्यांनी नोटा घेतल्या, मांडीवर ठेवल्या आणि एकेक करून मोजल्या. एका डोळ्याने दिसत नसल्यामुळे प्रत्येक नोट उजेडाकडे धरत होते, म्हणून वेळ लागला. मी उभी राहिले. माई दारात येऊन उभ्या होत्या.  अण्णावर आबांचा विश्वास बसला का, ते त्यांच्या तोंडावरून मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. मोजून झाल्यावर त्यांनी नोटा सदऱ्याच्या खिशात घातल्या.

"मिस्त्रीचे सगळे आले," ते म्हणाले.